दोन गाड्यांमधली जागा

प्लास्टिकची खुर्ची तिसऱ्यांदा आडवी झाली तेव्हा मापसाहेबांनी खुर्चीकडे बघितलं नाही, गाडीकडेही बघितलं नाही. त्यांनी आधी मान वर करून बाल्कन्यांकडे बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एक सून कपडे वाळत घालत होती, चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ दात घासत उभे होते. प्रेक्षक पुरेसे आहेत अशी खात्री झाल्यावर ते ओरडले.

"अगं, खुर्चीच्या जागी माणूस असतं तर?"

वहिनींनी गाडीची काच खाली केली. "काय म्हणालात?"

"माणूस असतं तर, म्हटलं!"

"माणूस असतं तर उठून बाजूला झालं असतं की हो!" चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ तोंडातला फेस सांभाळत म्हणाले आणि बाल्कन्यांमधून खसखस पिकली. मापसाहेबही हसले. बायकोला हसणारं कोणी भेटलं की त्यांना आतून बरं वाटत असे.

"पुन्हा घे," ते काठीने खुर्ची सरळ करत म्हणाले. "आणि या खेपेला डोकं वापर. असलं तर."

पुढे दोन खुर्च्या म्हणजे पुढची गाडी, मागे दोन खुर्च्या म्हणजे मागची गाडी, आणि मधल्या जागेत वहिनींनी मागे मागे येत गाडी फूटपाथला लावायची, असा तो सराव होता. वहिनींनी पुन्हा घेतली. मागची खुर्ची पुन्हा पडली.

मापसाहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. सगळा जन्म त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढला. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, वजनाच्या बुडाला नख लावून बघायचं आणि समोरचा माणूस घाम पुसायला लागला की सावकाश खुर्ची मागायची, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर तराजू सुटले, नख तेवढं राहिलं. घरात दुधाचं पातेलं कुठवर भरलं आहे इथपासून वहिनी फोनवर किती वेळ बोलल्या इथपर्यंत सगळं त्यांच्या मापात असे. मूल झालं नाही, त्याचाही दोष त्यांनी मोजूनमापून वहिनींच्याच पदरात टाकला होता. सगळी बिल्डिंग त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

आता या खुर्च्यांच्या खेळाचं कारण सांगायला हवं. बिल्डिंगसमोरची गल्ली अरुंद आहे. फूटपाथला लागून एकामागोमाग एक अशा सहाच गाड्या राहतात, आणि गाड्या आहेत दुप्पट. ज्यांना जागा नाही त्यांनी चढ चढून लाकडाच्या वखारीमागे गाडी लावायची आणि तिथून तंगडतोड करत घरी यायचं. पूर्वी जो आधी येईल त्याची जागा असे. मग एकदा कोणाचा तरी मेव्हणा मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहिला आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा दिवा फुटला. तेव्हा सेक्रेटरी होते मापसाहेब. त्यांना आयतंच कोलीत मिळालं.

त्यांनी नियम केला. ज्याला जागा हवी त्याने रविवारी सकाळी सगळ्यांसमोर दोन गाड्यांच्या मधे आपली गाडी लावून दाखवायची. खेपा तीन. चाक आणि फूटपाथ यांच्यात वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. आणि बाहेरून कोणी एक शब्द जरी बोललं तरी ती खेप बाद. चालवणारा बदलला की परीक्षा पुन्हा. हळूहळू या परीक्षेचा तमाशा झाला. लोक खुर्च्या घेऊन खाली यायचे, कोणी थर्मासमधून चहा आणायचं. कोणाची फजिती झाली की आठवडाभर ती पुरायची. लोकांना काय, दुसऱ्याचं घर जळत असलं तरी शेकायला मिळतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंगमास्तरांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती. बिचाऱ्यांची तिसरी खेप अगदी बरोबर चालली होती. तेवढ्यात खिडकीतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "जपून रे बाळा." एवढंच. मापसाहेबांनी हात वर केला. "बाद."

"साहेब, तिला ऐकू येत नाही हो. खाली काय चाललंय तिला कळलंही नाही."

"तिला ऐकू येत नसेल. आम्हाला येतं."

मास्तरांची गाडी वखारीमागे गेली. पुढे आईला दवाखान्यात न्यायची वेळ यायची तेव्हा, तिला एकटीला फाटकात उभं करवत नसे म्हणून, ते तिला हाताला धरून, दर चार पावलांवर थांबवत, तो चढ चढायचे. आईने पुन्हा कधी त्या खिडकीत तोंड दाखवलं नाही. नंतर ती गेली. काळ पुढे सरकला, कमिटी बदलली, आणि सेक्रेटरीच्या खुर्चीत ड्रॉइंगमास्तर बसले.

आणि मग मापसाहेबांना झटका आला. डावा हात निकामी झाला, डावा पाय ओढायला लागला. जीभ मात्र शाबूत राहिली. "बोलणं वाचलं, नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. नशीबवान नक्की कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या वहिनींना ते ऐकून जे वाटलं ते आनंदासारखं नव्हतं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली आणि त्या उठून पाणी पिऊन आल्या.

साहेबांना आता आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागे. दारातून गाडीपर्यंतची दहा-बारा पावलं ते काठी टेकत कशीबशी टाकत. वखारीचा चढ त्यांना या जन्मी चढणं शक्य नव्हतं. टॅक्सी गल्लीत शिरत नसे. म्हणजे जागा राहिली तर साहेब दारातून थेट गाडीत बसणार, नाहीतर वखारीकडून गाडी येईपर्यंत फाटकापाशी ताटकळणार, इतका सरळ हिशेब होता. पण चालवणारा बदलला होता, आणि नियम साहेबांचाच होता. कमिटीने दोन महिन्यांची मुदत दिली. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं जागेवर डोळा लावून बसलं होतं.

सरकारी लायसन वहिनींना मिळालं. सरकारला गाडी पुढे नेता आली की पुरतं. अडलं होतं ते दोन गाड्यांच्या मधे. तिथे साहेब काठी घेऊन उभे असत.

"क्लच! क्लच म्हणजे काय ते माहीत आहे का तुला?"

"आरशात बघ. तोंड बघायला नाही दिलाय तो."

"बाईच्या जातीला अंतराचा अंदाज नसतो, हे मी चाळीस वर्षं सांगतोय."

त्यांचा शब्द कानावर पडला की वहिनींचे हात आपोआप थांबत, मग भलतीकडे फिरत. खुर्ची पडे. खुर्ची पडली की साहेब वर बाल्कन्यांकडे बघत.

शेवटी एक दिवस वहिनींनी भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं आणि त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा गेल्या. तिथे शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद म्हणजे ढेरपोट्या, झोपाळू माणूस. खिशात खारे शेंगदाणे. एकेक दाणा तोंडात टाकत तो शेजारच्या सीटवर बसून राही. त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता.

"पुढच्या गाडीच्या बरोबरीने थांबा, ताई. आता मागे घ्या. गाडी हळू, हात भराभर. मागची गाडी आरशात दिसली? सरळ करा. आता उलटं फिरवा सगळं."

वहिनींचं चाक फूटपाथवर चढलं. "सॉरी, चुकलं," त्या म्हणाल्या. मग बंपर मागच्या खांबाला घासला. "सॉरी हो, सॉरी."

"कोणाला सॉरी म्हणताय? गाडीला? तिला काही वाटत नाही."

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "तुम्ही ओरडत कसे नाही?"

उस्तादने दाणा चावला. "मी कशाला ओरडू? माझ्या पायाखाली ब्रेक आहे. ज्याच्या पायाखाली ब्रेक नसतो ना ताई, तो ओरडतो."

वहिनी हसल्या. मग दोन दिवस त्या वाक्याचा विचार करत राहिल्या.

महिन्याभरात त्यांना ते जमायला लागलं. कसं जमलं ते त्यांना सांगता आलं नसतं. एक क्षण असा येई की मागची गाडी आरशाच्या कोपऱ्यात यायची, हात आपसूक उलटे फिरायचे आणि अख्खी गाडी अंग चोरून जागेत शिरायची. तो क्षण वहिनींना फार आवडू लागला. आयुष्यात दुसरं कुठलं काम त्यांनी कोणी "बरोबर" किंवा "चूक" म्हणायच्या आत पुरं केलं नव्हतं.

"झालं तुमचं काम," शेवटच्या दिवशी उस्ताद म्हणाला. "फक्त साहेबांना लांब ठेवा. गाडी एकानेच लावायची असते."

परीक्षेच्या रविवारी वहिनी लवकर उठल्या. साहेबांना आंघोळ घातली, पाठ पुसली, डावा हात शर्टाच्या बाहीत घालून दिला. बटणं लावता लावता त्या म्हणाल्या, "एक मागू का?"

"काय?"

"खाली गप्प बसा. गाडी थांबेपर्यंत. एक शब्द नको."

"मला शिकवतेस? नियम कोणी केलाय?"

"तुम्हीच केलाय. म्हणून तर सांगते."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? आपलं बघ. चार माणसांत माझी अब्रू घालवू नकोस म्हणजे झालं."

वहिनींनी वरचं बटण लावलं. ते जरा घट्ट बसलं, पण साहेब काही बोलले नाहीत, तेव्हा त्यांनी ते तसंच राहू दिलं.

खाली जत्रा भरली होती. खुर्च्या लागल्या होत्या, चहा फिरत होता. डॉक्टरीणबाईंची गाडी पुढे, ड्रॉइंगमास्तरांच्या भाच्याची गाडी मागे, आणि मधे ती मोकळी जागा. मापसाहेबांना मान म्हणून पहिल्या रांगेत, अगदी जागेसमोर बसवलं होतं. शेजारी वरच्या मजल्यावरचा नवरा हाताची घडी घालून उभा होता. त्याची बायको मोबाईलवर शूटिंग करत होती.

पहिल्या खेपेला वहिनींनी गाडी जरा जोरातच मागे सोडली. मागचं चाक धाडकन फूटपाथवर चढलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" कोणीतरी पुटपुटलं आणि हशा झाला. साहेबांनी काठीची मूठ आवळली. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या खेपेला गाडी जागेत शिरली, पण फूटपाथपासून हातभर लांब राहिली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मधून एक रिक्षा जाईल." पुन्हा हशा. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. तरी ते काही बोलले नाहीत. ओठ मात्र हलत होते.

तिसऱ्या खेपेला वहिनींनी काचा वर केल्या. डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या बरोबरीने त्या थांबल्या. एकदा खोल श्वास घेतला. मग गाडी मागे सोडली, अगदी मुंगीच्या पावलांनी. मागची बाजू आत वळली. गल्लीत आता कोणी हसत नव्हतं, कारण गाडी लागणार हे दिसायला लागलं होतं. मागची गाडी आरशाच्या कोपऱ्यात आली आणि वहिनींचे हात फिरायला लागले.

"फिरव! आता फिरव! फिरव म्हणतो ना!"

साहेब काठीवर जोर देऊन अर्धवट उठले होते. आवाज असा खणखणीत की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. काचेतून तो वहिनींपर्यंत पोचला, पण तेव्हा त्यांच्या हातांनी अर्धं चक्र आधीच फिरवलं होतं, आणि ते थांबले नाहीत. त्या आवाजाला न थांबण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. गाडी सरळ झाली, जागेत बसली, उभी राहिली. मास्तरांनी खाली वाकून चाकापाशी वीत लावली. अंतर वितीहून कमी भरलं. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली.

टाळी एकटीच वाजली आणि बंद पडली.

वहिनी दार उघडून उतरल्या. त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले. आपण आवाजाच्या आधीच फिरवलं होतं, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते त्यांच्या हातांनाच ठाऊक होतं, आणि हातांची साक्ष कोण घेणार?

"काका मधेच बोलले ना," वरच्या मजल्यावरचा नवरा म्हणाला. "म्हणजे, मी आपलं विचारतोय."

सगळे ड्रॉइंगमास्तरांकडे बघायला लागले. आज घोडाही मास्तरांचा होता आणि मैदानही त्यांचंच होतं. कित्येकांनी तर तेवढ्यासाठीच खुर्ची खाली आणली होती. मास्तरांनी गुडघ्याला लागलेली धूळ झटकली. वहिनींकडे एकदा बघितलं.

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले.

"मीही नाही," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या.

"कबुतरं केवढी फडफडली! त्यात काय ऐकू येणार?" चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले आणि सगळे हसले. या वेळचं हसणं निराळं होतं. अख्खी गल्ली एक खोटं बोलायला तयार झाली होती, आणि खोटं बोलताना सगळ्यांना हलकं वाटत होतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या माणसांनी एका वेळी आपली बाजू घेतलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मापसाहेब काठी टेकत पुरते उभे राहिले.

"मी बोललो," ते म्हणाले.

"साहेब, बसा तुम्ही," मास्तर म्हणाले.

"बसा काय? सगळ्यांनी ऐकलंय. माझी बायको आहे म्हणून सूट? उद्या लोक म्हणतील, मापसाहेबाने घरच्यांसाठी माप बदललं. खेप बाद आहे."

"अहो," वहिनी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण त्या 'अहो'त हात जोडलेले होते, पाय धरलेले होते.

"तू मधे बोलू नकोस." साहेबांची मान ताठ झाली होती. झटक्यानंतर इतक्या दिवसांनी ती तशी झाली होती. समोर माणसं गप्प उभी होती, आणि त्यांच्या एका शब्दावर कोणाचं तरी बरंवाईट ठरणार होतं. त्या सुखापुढे त्यांना स्वतःचा ओढणारा पाय आठवला नाही, वखारीचा चढ आठवला नाही. ते मास्तरांकडे वळले. "तुमच्या आईच्या वेळी मी सूट दिली होती का?"

मास्तरांचा चेहरा बदलला. जे दार त्यांनी मोठ्या कष्टाने उघडं धरलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं.

"नाही दिलीत," ते हळू आवाजात म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. बाद."

लोकांनी खुर्च्या उचलल्या. वरच्या मजल्यावरच्या बायकोने मोबाईल पर्समध्ये ठेवला. वहिनींनी ती नीट लावलेली गाडी पुन्हा सुरू केली, बाहेर काढली आणि चढाकडे नेली. यालाच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, पण साहेबांनी धोंडा असा काही पाडला की पाय त्यांचा आणि कळ वहिनींना.

घरी आल्यावर साहेब म्हणाले, "पहिल्या दोन खेपा वाया घालवल्यास. नाहीतर ही वेळ आली नसती."

वहिनी गॅस पुसत होत्या.

"आणि तू वेळेवर फिरवलं असतंस तर मला बोलावं लागलं नसतं."

वहिनी गॅस पुसत राहिल्या. या माणसाला हुकूम चालवण्यापुढे स्वतःचा पायही प्यारा नाही, हे त्यांना आज कळलं होतं. मग आपली काय कथा? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तो आपल्याला छळतो तो आपल्यात काही कमी आहे म्हणून. तसं नव्हतं. आपल्या जागी खुर्ची असती तरी तो तिला बोललाच असता. हे कळल्यावर त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. छातीत कुठेतरी गार पडलं, आणि ते गार तसंच राहिलं.

जागा वरच्या जोडप्याला मिळाली. आता दवाखान्याच्या दिवशी वहिनी साहेबांना फाटकापाशी उभं करत आणि गाडी आणायला वखारीकडे जात. पहिले काही दिवस त्या धावतपळत गेल्या. मग चालत जायला लागल्या. मग त्यांना कळलं की वखारीत सकाळी ओंडके चिरतात आणि ताज्या लाकडाचा वास फार छान येतो. तिथला मुकादम त्यांना ओळखायला लागला. "बसा की ताई," तो म्हणे. वहिनी फळ्यांच्या थप्पीवर टेकत.

तिकडे साहेब उन्हात उभे असत. एकदा पाय भरून आला म्हणून ते जोडप्याच्या नव्या गाडीला टेकले. गाडी केकाटायला लागली. वरून ती बायको खाली डोकावली. "काका, गाडीला हात नका ना लावू!" बाल्कन्यांमधे माणसं आली. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"किती वेळ?" वहिनी आल्यावर ते खेकसले.

"चढ आहे ना हो," वहिनी म्हणाल्या.

दवाखान्याच्या रस्त्यावर त्या दिवशी गर्दी होती. दारासमोर एकच जागा मोकळी होती, औषधांची व्हॅन आणि एक लांबलचक पांढरी गाडी यांच्या मधे. वहिनी व्हॅनच्या बरोबरीने थांबल्या आणि त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

"बसणार नाही," साहेब म्हणाले.

"बसेल."

"बसणार नाही सांगतो ना! मागे बघ. आधी मागे बघ. कुठे चाललीस? अगं, फिरव..."

वहिनींनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून हॉर्न सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळेच.

"काय झालं? बंद का केलीस?"

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"उतरा आधी. तुम्ही उतरल्याशिवाय मला लावता येत नाही."

"लोक हॉर्न वाजवताहेत! डोकं फिरलंय का तुझं?"

वहिनींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसल्या. मागचा एक जण खिडकीतून मुंडी काढून शिव्या द्यायला लागला. शिव्या साहेबांच्याच खिडकीतून आत येत होत्या. साहेबांनी दार उघडलं. आधी हाताने डावा पाय उचलून बाहेर ठेवला, मग उजवा टेकला, आणि दाराला धरून, व्हॅनला धरून, ते कसेबसे फूटपाथवर चढले. विजेच्या खांबाला त्यांनी उजव्या हाताने मिठी मारली. त्यांची काठी मागच्या सीटवर राहिली होती. वहिनींना ती आरशात दिसत होती.

वहिनींनी वाकून दार ओढून घेतलं आणि काच वर केली. गाडी सुरू केली. मागे घेतली, हात फिरवले, सरळ केली, उलटे फिरवले. गाडी एका दमात जागेत जाऊन बसली. चाक आणि फूटपाथ यांच्यात बोटं शिरली असती, एवढंच अंतर. मागच्या गाड्या निघून गेल्या, हॉर्न थांबले. रस्ता रिकामा झाला.

साहेब खांबाला धरून उभे होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. ते वहिनींकडे बघून काहीतरी म्हणत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. कदाचित ते काठी मागत असतील. कदाचित चाकाबद्दल काही सांगत असतील.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी जागेतून पुन्हा बाहेर काढली आणि पहिल्यापासून लावायला घेतली.